गाठीशेजारचा तुकडा

नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की तिथल्या प्रमुख मॅडम त्याला आधी ताईकडे पाठवायच्या. ताई त्याला दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावायची आणि नखं तपासणाऱ्या शाळेतल्या बाईंसारखी ते निरखायची.

“हात धुतलेस?”

“हो ताई.”

“साबण लावून?”

“हो.”

“छान. आता असं समजायचं की हे जगातले सगळ्यात घाणेरडे हात आहेत. ह्या हातांनी दार उघडलंस, ग्लोव्हज बदल. मोबाइल घेतलास, ग्लोव्हज बदल. नाक खाजवलंस तर सरळ घरी जा.”

विद्यार्थी हसायचा. ताई हसायची नाही. पाठीमागे तिला ‘ग्लोव्हजताई’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं. नाव ठेवलंत ते ठेवा, पण घाला म्हणजे झालं, एवढंच तिचं म्हणणं.

ज्याच्यासाठी ती एवढी कडक होती, ते डोळ्यांना कधी दिसत नसे. कर्करोगाच्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत ही प्रयोगशाळा होती. ऑपरेशनमध्ये काढलेल्या फुफ्फुसाचे बारीक तुकडे तिथे यायचे आणि त्या तुकड्यांतून आरएनए काढला जायचा. डीएनए टणक, जुन्यापुराण्या हाडांतूनही हाती लागतो. आरएनए तसा नाही. माणसाच्या घामात, थुंकीत, कातडीवर एक द्रव्य असतं, ते त्याला बघता बघता कुरतडून टाकतं. त्यातही वाईट हे की तेच द्रव्य त्या तुकड्याच्या आत, पेशीपेशीत बसलेलं असतं. तुकडा गोठलेला असेपर्यंत ते निपचित पडून राहतं, जरा ऊब लागली की जागं होतं. म्हणून शरीरातून निघालेला तुकडा तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा, मग उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि विसरून जायचं.

“आठवण आली म्हणून उघडून बघायचं नाही,” ताई बजावायची. “फ्रीज नाही हा घरचा, भूक लागली की दार उघडायला.”

ताईचं लग्न झालं नव्हतं. झालं नाही, असं लोक म्हणायचे. केलं नाही, असं ती म्हणायची. आई गेली तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिच्या भावाला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. वडील दुसऱ्या गावी नोकरीला होते आणि पुढे दुसऱ्या संसारालाही. ताईनं कॉलेज सोडलं, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, नोकरी धरली आणि भावाला वाढवलं. एवढ्या तीन-चार वाक्यांत तिची उमेदीची सगळी वर्षं बसायची. कोणी विचारलंच तर ती तेवढीच सांगायची.

भाऊ लहानपणी इतका बारका होता की सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. पुढे तो असा उंच वाढला की दारातून येताना मान लववावी लागे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या पोटात असतो त्या काळोख्या उभ्या विहिरीत उतरायचं, दोरखंड तपासायचे, धूळ आणि ग्रीस अंगावर घेऊन संध्याकाळी घरी यायचं. सिगारेटला त्यानं आयुष्यात हात लावला नाही. ताईनं लावू दिला नसता ही गोष्ट वेगळी.

“मी रोज वर जातो आणि रोज परत येतो,” तो म्हणायचा. “असा दुसरा माणूस दाखव मला.”

त्याचं लग्न ताईच्या चष्म्यामुळे झालं. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. टिल्लू गुपचूप ताईच्या चष्म्याचा स्क्रू सैल करायचा आणि मग मोठ्या मायेनं म्हणायचा, दे, मी घट्ट करून आणतो. ताई कितीतरी दिवस चष्म्याच्या कंपनीला शिव्या घालत होती. खरा प्रकार कळला तेव्हा ती चिडली, आणि मग दाराआड जाऊन पोट धरधरून हसली. ती मुलगी घरात आली ती धीट आणि स्पष्ट बोलणारी. नवऱ्याच्या प्रत्येक विनोदाला तिच्याकडे एक टोला तयार असायचा. लग्नानंतर दोघांनी जवळच एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं आणि रविवारी ताई त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागली.

मग खोकला सुरू झाला. धुळीचा असेल म्हणून सोडून दिला. जिथली लिफ्ट बंद, तिथे लिफ्टवाल्याला जिना चढूनच जावं लागतं. एकदा असाच चढताना तो मधल्याच मजल्यावर पायरीवर बसला आणि त्याला उठवेना. छातीचा फोटो काढला, मग आतून तपासणी, मग सुईनं काढलेला तुकडा. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ होती. काढता येण्यासारखी होती, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी ताई संमतीचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. मॅडमांचं संशोधन नेमकं अशाच लोकांवर चाललं होतं, कधीही सिगारेट न ओढता ज्यांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला त्यांच्यावर. टिल्लूनं कागद उलटसुलट करून पाहिला.

“तुला माझ्या फुफ्फुसाचं नक्की करायचंय काय ताई?”

“दोन तुकडे घेतात. एक गाठीचा. दुसरा गाठीशेजारचा, पण तिच्यापासून अंतर राखून घेतलेला, निरोगी. मग दोघांत काय फरक आहे ते बघतात.”

“म्हणजे शेजाऱ्याला विचारणार, हा असा कधीपासून वागायला लागला म्हणून?”

“तसंच समज.”

“आणि शेजारी खोटं बोलला तर?”

“आधी ऐक. पेशीत डीएनए असतो ना, त्याच्या नकला निघतात, त्या म्हणजे आरएनए. बऱ्याचशा नकलांवरून प्रथिनं बनतात. पण काही लांबच्या लांब नकला अशा असतात की त्यांच्यावरून काहीच बनत नाही. पूर्वी वाटायचं, कचरा आहे. आता कळलंय की त्या स्वतः काही बनवत नाहीत, पण दुसऱ्या कोणी कधी काम करायचं आणि कोणी गप्प बसायचं ह्यात त्यांचा हात असतो. गाठीत त्यांतल्या काही फार वाढलेल्या सापडतात.”

टिल्लूनं टाळी वाजवली. “कळलं! आमचा सुपरवायझर. स्वतः एक खिळा ठोकत नाही, पण त्यानं मान हलवल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.”

“सही करा आणि गप्प बसा,” त्याची बायको ओट्याकडून म्हणाली. “बोलताना धाप लागतेय, तरी तोंड बंद नाही.”

“करतो. पण एक अट. माझ्यातून काय निघालं ते मला सांगायचं.”

“तसं सांगत नाहीत रे. तिथे नावं नसतात, नुसते नंबर असतात. सगळ्यांचं मिळून काय ते बघतात.”

“मी मॅडमना कुठे विचारतोय? तुला विचारतोय.”

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं.

“सांगेन,” ती म्हणाली.

“मलाही,” बायको म्हणाली. तिनं वळून पाहिलं नाही, पण हातातलं भांडं घासायचं थांबली होती.

ऑपरेशनच्या दिवशी तुकडे आणायला तू जाऊ नकोस, दुसरं कोणीतरी जाईल, असं प्रयोगशाळेतल्या एका सोबतिणीनं ताईला सांगून पाहिलं; पेशंट कोण हे तिथे तिला एकटीलाच ठाऊक होतं. ताईनं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या हातावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्या दिवशी तर नाहीच नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या छोट्या खोलीत ती नायट्रोजनचा थर्मास घेऊन उभी राहिली. डॉक्टरांनी ट्रेमध्ये तुकडे ठेवले. गाठ पांढुरकी आणि कडक होती, सुरीखाली करकरली. दुसरा तुकडा मऊ होता, ओल्या स्पंजासारखा, करडा-गुलाबी. त्याच्यात काळे बारीक ठिपके होते, लिफ्टच्या विहिरींतली धूळ. त्यात अजून हवा होती. ट्रेमधल्या थोड्याशा पाण्यावर तो हलकेच तरंगला. ताईनं दोन्ही तुकडे चिमट्यानं आपापल्या नळीत घातले, झाकणं फिरवली आणि थर्मासमध्ये सोडले. नायट्रोजन खळखळून उकळला आणि शांत झाला.

टिल्लू बरा झाला. निदान तसं वाटलं. कंपनीनं त्याला विहिरीत उतरायचं काम बंद करून टेबलावर बसवलं. तो फोन घ्यायचा.

“लिफ्ट अडकलीय? आत कोण आहे? दोघं आहेत? ओळख आहे का त्यांची? नसेल तर होईल आता, माणूस पाठवतो.”

प्रयोगशाळेत मात्र त्याच्या नळ्या तशाच पडून होत्या. पुरेसे रुग्ण जमले की सगळे नमुने एकदमच काढायचे असं मॅडमांनी ठरवलं होतं. आज काही, महिन्यानं काही असे काढले तर रोगाचा फरक कुठला आणि दिवसाचा कुठला ते कळत नाही. ताईला हे पटत होतं. तिनंच कितीजणांना हे समजावलं होतं.

मग टिल्लूला शब्द सापडेनासे झाले. ‘चमचा’ म्हणायचा असेल तर तो बोटांनी हवेत ढवळून दाखवायचा आणि आपल्यालाच हसायचा. डोकं दुखायचं. डोक्याचा फोटो काढल्यावर कळलं की फुफ्फुसातून निघालेला रोग तिथे पोहोचलाय. ताईला वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्या लांबलचक नकलांवर एवढं काम का चाललंय, त्याचं एक मोठं कारण हेच होतं. त्यांतल्या काही वाढल्या की गाठ घर सोडून दुसरीकडे जाते असं दिसत होतं. आपल्या फ्रीजरमधल्या त्या पांढुरक्या तुकड्यात हे आधीच लिहिलेलं असेल का, हा विचार तिच्या मनात आला आणि जाईना.

“निघालं का गं काही?” इस्पितळातल्या खाटेवरून त्यानं विचारलं. त्या दिवशी त्याला शब्द सापडत होते.

“अजून नाही रे. सगळ्यांचं एकदम काढायचंय.”

“म्हणजे मी लायनीत आहे.”

“आहेस.”

“पुढे कोणी घुसत नाही ना, बघ.”

त्याचा नंबर यायच्या आत तो गेला. सकाळी गेला, खिडकीतून ऊन पायांवर आलेलं असताना. बायको त्याचे पाय चेपत होती. ती कितीतरी वेळ चेपतच राहिली आणि ताईनं तिला थांबवलं नाही.

प्रयोगशाळेत ताई लवकरच परत रुजू झाली. घरी बसून करणार काय? सगळ्यांच्या आधी येऊन फ्रीजरचं तापमान बघणं हे वर्षानुवर्षं तिचंच काम होतं. एके दिवशी एका फ्रीजरमध्ये बर्फ फार साचला म्हणून खोके दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवायचे होते. ती खोके उचलत होती आणि एका खोक्यात तिला ते दोन नंबर दिसले. नावं नसतात हे खरं, पण ते नंबर तिनं स्वतःच्या हातानं लिहिले होते.

त्या दिवशी तिनं खोका हलवला आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खोका नुसता उघडून पाहिला, नळ्या गार राहाव्यात म्हणून खाली कोरडा बर्फ ठेवून, अगदी नियमानं. झाकणं दिसली. बस्स. त्यानंतर तिनं नळी उचलली. गाठीची नाही. गाठीच्या नळीला तिनं कधी हात लावला नाही. ज्यानं त्याला खाल्लं त्याच्याकडे तिला बघायचंही नव्हतं. तिनं दुसरी उचलली.

नळी बाहेर आली की हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो आणि ती पांढरी होते. आतलं काही दिसत नाही. दिसायला हवं असेल तर अंगठ्यानं तो पांढरा थर पुसावा लागतो, पुन्हा जमतो, पुन्हा पुसावा लागतो. मग अंगठ्याच्या उबेनं एक छोटी खिडकी पडते आणि तिच्यातून तो तुकडा दिसतो. करडा-गुलाबी, काळे ठिपके असलेला, नखाएवढा. त्याचं सगळं गेलं होतं, हे राहिलं होतं. आणि हे निरोगी होतं. हा टिल्लू आजारी पडलाच नव्हता.

हे नुकसानीचं आहे हे ताईला कळत नव्हतं असं नाही. तिला जेवढं कळत होतं तेवढं त्या इमारतीत कोणाला कळत नसेल. पण माणूस स्वतःशी बोलताना फार गोड बोलतो. एवढ्यानं काही होत नाही, ती मनाशी म्हणायची. आत तर दगडासारखा आहे. लगेच ठेवते. आजच्या पुरतंच. एखाद्या विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर तिनं त्याला उभा फाडला असता. स्वतःला मात्र ती रोज सकाळी सोडून देत होती. पुढे पुढे तिनं कोरडा बर्फ घेणं सोडलं. नंतर एकदा तिनं ग्लोव्हज काढला. गारठ्याचाही चटका बसतो. बोटाची कातडी नळीला चिकटली आणि सोडवताना सोलवटली. लहानपणी त्याचं कपाळ तापायचं तेव्हा ती असाच तळवा ठेवून बसायची, ताप आपल्या हातात उतरेल म्हणून. आता ती आपली ऊब त्याला देत होती.

मॅडमांनी तारीख ठरवली. सगळे नमुने जमले होते. भावजय दर रविवारी विचारायची, “ह्यांच्यातून निघालं का काही?” आणि ताई म्हणायची, “आता निघेल.” ह्या वेळी ते खरं होतं. त्या रात्री तिला झोप आली नाही. कितीतरी महिन्यांनी तिला काहीतरी हवं होतं. त्याला सांगता आलं नाही, निदान त्याच्या बायकोला सांगायचं होतं. त्याच्या गाठीत हे वाढलं होतं, त्याच्या चांगल्या भागात नव्हतं, अशा असंख्य माणसांच्या ओळीत तो एक आहे आणि ह्या ओळीतून पुढच्या कोणाला तरी काहीतरी कळेल. धुळीत काम केलेल्या एका लिफ्टवाल्याचं फुफ्फुस काहीतरी बोललं, एवढं तरी.

नमुने कुटायचं काम ताईचं. मॅडम म्हणाल्या, दोघी-तिघी मिळून करा. पण ते दोन नंबर तिनं आपल्याकडे ठेवले. खल आधीच नायट्रोजन ओतून गार केला होता, त्यातून पांढरा धूर टेबलावर सांडत होता. आधी तिनं गाठ कुटली. ती काचेसारखी फुटली, कडाकड. थोडी उरली तेवढी परत नळीत ठेवली. मग खल बदलला, बत्ता बदलला, ग्लोव्हज बदलले आणि दुसरा तुकडा घातला. तो हलका होता, पुरेसा आरएनए निघायला सगळाच घ्यावा लागणार होता. बत्त्याखाली तो भुरभुरला आणि पाहता पाहता त्याचं पीठ झालं, फिकट गुलाबी. धुरातून तिला ते नीट दिसेना. धूरच होता तो. तिनं सगळं पीठ टिपून द्रावणात घेतलं. खलात मागे एक कणही ठेवला नाही.

आरएनए किती शाबूत आहे ते आधी एका यंत्रावर तपासतात. शाबूत असेल तर पडद्यावर दोन उंच शिखरं उमटतात, शेजारी शेजारी. दहापैकी गुण मिळतात. ताई आणि मॅडम पडद्यापुढे बसल्या. एकेक नमुना जात होता. आठ. साडेआठ. आठ. टिल्लूची गाठ आली. दोन शिखरं, टोकदार, उंच. नऊच्या वर.

“वा!” मॅडम म्हणाल्या. “बघा ताई, किती सुंदर आलाय.”

पुढचा नंबर आला. शिखरं नव्हती. डावीकडे नुसता एक बुटका उंचवटा, जमिनीलगत पसरलेला. गुण दोन.

मॅडमांनी चष्मा वर केला. “हे काय? ह्याच पेशंटची गाठ एवढी छान आणि नॉर्मल तुकड्याचा चुरा? ऑपरेशन थिएटरमध्ये उशीर झाला असणार. गाठीच्या नादात ह्याला मागे ठेवलं असेल कोणीतरी. कोण गेलं होतं त्या दिवशी?”

“मी.”

“मग शक्य नाही.” मॅडमांनी लगेच मान हलवली. “तुमच्याकडून नाही होणार. नळीचं झाकण सैल असेल. जाऊ दे, एखादा जातोच.”

तेवढ्यावर ते संपलंही असतं. सैल झाकणाच्या नावावर खपलं असतं. पण मॅडम पुढच्या नंबराकडे वळल्या आणि ताईला ते सहन झालं नाही. एखादा जातोच, असं त्याच्याबद्दल म्हणून पुढे जाणं.

“झाकण घट्ट होतं मॅडम,” ती म्हणाली. “मी रोज बाहेर काढायचे.”

“काय?”

“ती नळी. सकाळी. हातात धरायचे.”

मॅडमांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा कडक झाला, एवढ्या वर्षांत ताईनं पाहिला नव्हता इतका. “तुम्ही? अहो ताई, तुम्ही?” आणि मग, ताईच्या तोंडाकडे बघता बघता, आवाज खाली आला. “कोणाची होती?”

“माझ्या भावाची.”

यंत्र चालू होतं. पडद्यावर पुढच्या कुणाची तरी दोन शिखरं उमटली आणि दोघींनी ती पाहिली नाहीत.

“मला का नाही सांगितलंत?” मॅडम म्हणाल्या. मॅडमांनी तिच्या हाताजवळ हात ठेवला, हातावर नाही. “ही जोडी काढून टाकावी लागेल. तुम्हाला माहितीच आहे. निरोगी तुकडाच नसेल तर गाठीत काय वाढलं, काय कमी झालं, ते कशाच्या मानानं म्हणायचं? एकट्या गाठीला काही विचारता येत नाही.”

“हो.”

“गाठीचा तुकडा थोडा उरलाय. पुढे कधीतरी, दुसऱ्या कशाला…”

“हो,” ताई म्हणाली. तिनं उठून ग्लोव्हज काढले, टाकले, नवे घातले आणि उरलेल्या नमुन्यांचं काम पूर्ण केलं. एकही बिघडला नाही.

रविवारी ती भावजयीकडे गेली. भावजय ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता, तरी पुसत होती.

“बसा ताई. झाली का ती तपासणी?”

“झाली.”

भावजय वळली. हातातलं फडकं तसंच. कितीतरी दिवसांत तिचा चेहरा असा उघडा झाला नव्हता. “मग? काय निघालं?”

“काही नाही निघालं.” ताई स्टुलावर बसली. “काढता आलं नाही. चांगला तुकडा खराब झाला होता. मी केला.” आणि तिनं सगळं सांगितलं, फ्रीजर, नळी, अंगठा, सकाळ. न थांबता सांगितलं, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. “त्यानं माझ्याकडे एकच मागितलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “तेवढं एक मी घालवलं.”

ताईनं मान खाली घातली. भावजय ओरडेल, निदान रडेल, असं तिला वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“कसा होता?” भावजयीनं विचारलं.

“काय?”

“तुकडा. दिसायला.”

“लहान. नखाएवढा. गुलाबी, थोडा करडा.” ताईनं बोटानं बोटावर दाखवलं. “धुळीचे ठिपके होते त्याच्यात.”

“गार होता?”

“फार. चटका बसायचा.”

“आणि रोज बघायचात?”

“बहुतेक रोज.”

भावजयीनं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “आणि मी इथे बसलेय,” ती हळू म्हणाली. “ह्यांचं म्हणून काही राहिलं नाही असं धरून. शर्टांचा वासही गेला आता. आणि तुमच्याकडे हे अख्खं…”

“अगं, ते काही जिवंत…”

“मला न्यायचंत ना ताई.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “एकदा न्यायचंत. मला काही कळत नाही तुमच्यातलं. काय निघालं नि काय नाही. तुमच्या हातानं खराब होणारच होता, तर थोडा माझ्या हातानं झाला असता.”

ताईला वर बघवेना.

“आता आहे का काही?”

“नाही. सगळा कुटला.” ताईनं ओठ ओले केले. “गाठ आहे थोडी. ती चांगली राहिलीय.”

“गाठ नको मला,” भावजय म्हणाली.

ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि पुसू लागली, एकाच जागी. ताई स्टुलावर बसून राहिली. तिला जा असं कोणी म्हटलं नव्हतं आणि बस असंही नाही.